बुडबुडे थांबेपर्यंत

१

झाडकाकूंचा जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता, आणि ती म्हणजे त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी. कुंडीतल्या मातीत ती दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायची. टोकाला ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर पाणी, तेही कुंडीच्या तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरवरची माती बघून पाणी घालणाऱ्यांना त्या माणसांत धरत नसत.

इमारतीत त्यांना झाडकाकू म्हणत आणि त्यांच्या यजमानांना घड्याळकाका, कारण काकांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. दर रविवारी काकू वाचनालयाच्या मागच्या खोलीत कुंडीतल्या झाडांचा वर्ग घेत. वर्गाला मंडळी हौसेनं येत, माना डोलवत, आणि घरी जाऊन भर दुपारी गुलाबावर झारी उपडी करत.

"इतकी वर्षं शिकवतेय," काकू घरी येऊन करवादत, "सांगितलं तसं करणारा एक विद्यार्थी मिळेल तर शपथ!"

"मी आहे ना," काका आरामखुर्चीतून म्हणत.

"तुम्ही? तुम्हाला साधं पाणी प्या म्हटलं तर ऐकता का?"

हे मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. उन्हाळा सरत आला होता, पण ऊन हटायला तयार नव्हतं, आणि काका त्यात वाळत चालले होते. मागच्या महिन्यात ते चक्कर येऊन पडले तेव्हा डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं की या वयात माणसाला तहान कळत नाही, तुम्हीच पाजत राहा, पुन्हा असे कोरडे पडले तर निभावणार नाही. तेव्हापासून काकू येता-जाता त्यांच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडत आणि ती किती लवकर बसते ते बघत. ती दिवसेंदिवस उशिरा बसत होती.

२

सगळ्यात वरच्या मजल्यावरची चित्रकार प्रदर्शनासाठी परगावी गेली, तेव्हा जाताना किल्ली काकूंच्या हातात देऊन गेली. "काकू, झाडं तुमच्या जिवावर सोडून चाललेय हं."

"तू निर्धास्त जा," काकू म्हणाल्या. "आलीस की तुझी झाडं तुला ओळख दाखवणार नाहीत, इतकी माजतील."

काका सकाळी गाढ झोपलेले असत, तेवढ्या वेळात काकू वर जात. ती एक मोठीच्या मोठी खोली होती. भिंतींना टेकवलेली चित्रं पांढऱ्या कापडांनी झाकलेली, हवेत टर्पेंटाइनचा वास, आणि लांबच लांब खिडकीखाली कुंड्या: लिंबू, गुलाब, जास्वंद, पुदिना, एक निवडुंग आणि एक नेचा. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात तापून आतली मुळं शिजतात, म्हणून काकूंनी त्यांना पांढरं कापड गुंडाळलं. एकमेकांची सावली एकमेकांवर पडावी म्हणून सगळ्या कुंड्या जवळ जवळ सरकवल्या. मातीवर वाळक्या पानांचा थर दिला.

हे करताना त्या सारख्या बोलत होत्या. बोलल्याशिवाय काकूंचे हात चालतच नसत. घरी काका ऐकत, वाचनालयात वर्ग ऐके, इथं कुणी नव्हतं, पण तोंडाचा पट्टा चालूच होता. "आता नीट बघा. वरची माती फसवते. ती ओली दिसली तरी आत कोरडी असते, आत ओली असली तरी वर कोरडी दिसते. म्हणून बोट आत. पहिल्या पेराशी थांबायचं नाही. घाई करायची नाही. कळलं?"

खोलीत अर्थातच कुणी काही बोललं नाही. पण काकूंना उगाच वाटून गेलं की वर्ग आज बरा लक्ष देतोय.

दुसऱ्या दिवशी गुलाबाच्या कुंडीत त्यांच्या बोटाच्या भोकाशेजारी आणखी एक भोक होतं. सरळ, गोल, बोटाएवढं, जेमतेम एक पेर खोल. काकूंनी चष्मा पुसून ते पाहिलं. किडा असेल, नाहीतर खिडकीतून एखादा पक्षी आला असेल. खिडक्या बंद होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं, पण किड्याला खिडकी कशाला लागते, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

३

दोन-चार दिवसांनी जास्वंदीची पानं कडेनं भाजलेली दिसली. कुणीतरी भर उन्हात पाणी घातलं होतं, आणि तेही पानांवरून. कुंडीखालच्या बशीत कोमट पाणी साचलेलं होतं. हे नवशिक्याचं काम, काकूंनी बघताक्षणी ओळखलं. अशी पानं त्या दर रविवारी बघत आल्या होत्या.

मग त्यांना जे सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही. बंद घरात पाणी कुणी घातलं, हा प्रश्न मनात यायच्या आधी त्यांना राग आला.

"अरे, दुपारी घालतात का पाणी?" कमरेवर हात ठेवून त्या रिकाम्या खोलीवर ओरडल्या. "सकाळी घालायचं, ऊन चढायच्या आत! आणि पानांवर नाही, बुडाशी!"

ओरडून झाल्यावर खोली फार शांत वाटली. काकूंनी मागं वळून दाराकडे पाहिलं. दार त्यांनी आतून लावलं होतं.

खाली येऊन त्यांनी त्या चित्रकार मुलीला फोन लावला. "काय गं, दुसरी किल्ली कुणाला दिलीयस का?"

"नाही हो काकू. एकच आहे, तुमच्याकडची. का? काही झालं का?"

"काही नाही. सहज विचारलं," काकू म्हणाल्या.

काकांना त्यांनी खरं सांगितलं. काका हसले. "तूच घालतेस आणि विसरतेस. वय झालं आता आपलं."

"तुमचं झालं असेल," काकू म्हणाल्या, पण रात्री बराच वेळ त्या स्वतःला तेच पटवून बघत राहिल्या.

दुसऱ्या सकाळी त्या मुद्दाम नेहमीपेक्षा लवकर वर गेल्या. सगळ्या कुंड्यांना पाणी घालून झालं होतं. बुडाशी, पानांना थेंब न लागता, तळातून निघेपर्यंत. झारी जागेवर, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली, काकू ठेवत तशी. आणि प्रत्येक कुंडीत एकेक भोक, बरोबर दुसऱ्या पेरापर्यंत.

काकूंनी झारी उचलली आणि लगेच होती तशी परत ठेवली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या बाजूला दुसरंही काही होतं, आणि ते अभिमानासारखं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं तसं केलं होतं.

"शाब्बास," त्या हळूच म्हणाल्या. आणि लगेच त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं.

४

नेचा मात्र सुकत होता. रोज पाणी मिळूनही त्याची पानं कागदासारखी कुरकुरीत झाली होती. काकूंनी बोट घालून पाहिलं आणि कारण कळलं. मुळांचा गोळा वाळून इतका घट्ट झाला होता की वरून घातलेलं पाणी कडेनं वाहून जात होतं, आत थेंबही मुरत नव्हता. शिकणाऱ्याची चूक नव्हती. त्याला हे अजून शिकवलं नव्हतं.

शिकवण्याचं व्यसन वाईट. काकूंना खाली निघून जाता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी मोरीतून पाण्यानं भरलेली बादली आणली आणि बाह्या वर सारल्या.

"एखादं अगदीच कोरडं पडलं ना, की वरून पाजून उपयोग नसतो. त्याला तहान असते, पण घेता येत नाही. मग अख्खं बुडवायचं." त्यांनी नेच्याची कुंडी बादलीत दाबली. कुंडी उसळून वर आली. "बघा, कोरडं आहे म्हणून हलकं आहे, वर येणारच. घाबरायचं नाही. दोन्ही हातांनी धरायचं, कोपरं ताठ, आणि दाबून ठेवायचं. आता ऐका."

बादलीतून बुडबुडे यायला लागले. आधी मोठे, बुडुक बुडुक, मग बारीक, मग एकेक.

"आतली हवा जातेय. बुडबुडे थांबेपर्यंत सोडायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही."

शेवटचा बुडबुडा फुटला. काकूंनी हात सैल केले. आणि त्यांच्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला.

काकू वळल्या. चित्रांवरची पांढरी कापडं स्थिर लटकत होती. पडदा हलला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. त्या खोलीला पडदे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा खिडकीखाली एकही कुंडी नव्हती. त्या सगळ्या बुडवलेल्या होत्या. लिंबू मोठ्या पातेल्यात, पुदिना मोरीतल्या घमेल्यात, गुलाब कचऱ्याच्या डब्यात, जास्वंद बादलीत, निवडुंग चहाच्या भांड्यात आणि नेचा पुन्हा एका टोपात. पाणी सगळीकडे स्वच्छ आणि निश्चल होतं.

आता मात्र काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एकेक कुंडी बाहेर काढून निथळत ठेवली, आणि भीतीनं असेल किंवा सवयीनं असेल, तोंड चालूच राहिलं. "सगळ्यांना नाही, सगळ्यांना नाही! निवडुंगाला कुणी बुडवतं का? आधी तपासायचं. ज्याला तहान आहे आणि घेता येत नाही, त्यालाच बुडवायचं. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

नेचा तेवढा त्यांनी तिथं ठेवला नाही. तो आता कुठे सावरत होता, आणि आणखी एकदा बुडवला असता तर कुजला असता. त्यांनी कुंडी कडेवर घेतली. "चल रे बाबा," त्या त्याला म्हणाल्या, "इथं नको राहूस. आमच्याकडे चल."

बाहेर येऊन त्यांनी कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. जिना उतरताना त्यांच्या चपलांच्या आवाजामागून आणखी एक आवाज येत होता, ओल्या अनवाणी पावलांचा. त्या थांबल्या की तो एक पायरी उशिरा थांबे. जिना पोकळ आहे, आवाज घुमतो, काकू म्हणाल्या आणि कठडा धरून उरलेला जिना भराभर उतरल्या.

५

नेचा त्यांनी बैठकीच्या खोलीत, काकांच्या आरामखुर्चीशेजारी ठेवला. तिथं ऊन येत नसे.

"हे काय, सवत आणलीस मला?" काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

काकूंनी त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. काकूंनी पेलाभर पाणी आणलं, त्यात मीठ-साखर घातली, डोकं धरून पाजायला गेल्या. दोन घोट आत गेले, बाकीचं ओठांच्या कडेनं हनुवटीवरून शर्टावर ओघळलं.

"अहो, प्या ना नीट! बघा, सगळं कडेनं वाहून जातंय. किती कोरडे पडलात!"

"तहानच नाही गं."

"आहे. तुम्हाला तहान आहे, पण घेता येत नाहीये." काकू रडायच्या बेतात होत्या. डॉक्टरांचे शब्द त्यांच्या कानात होते आणि हा माणूस त्यांना हवा होता, दुसरं काही नको होतं.

काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बायको रडायला लागली की काका विनोद करत, ही त्यांची जन्माची खोड. "मग बुडव मला त्या तुझ्या बादलीत," ते म्हणाले.

"बादलीत मावणार आहात का?" काकू डोळे पुसत हसल्या. "टब लागेल टब."

टब त्यांच्याकडे होता. उन्हाळ्यात नळाचा भरवसा नसे, म्हणून बाथरूममधला टब त्या काठोकाठ भरून ठेवत.

हसता हसता त्यांची नजर नेच्याकडे गेली. मातीत एक नवं भोक होतं. आपण मघाशी बोट घातलं असेल, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी काकांनी डोळे उघडून त्रासिकपणे विचारलं, "अगं, झोपेत माझ्या तोंडात बोट कशाला घातलंस?"

"मी? काहीतरीच काय!"

काकूंनी दिवा जवळ आणून पाहिलं. काकांच्या खालच्या ओठावर आणि जिभेच्या मधोमध ओल्या मातीचा ठिपका होता. काकू स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. हात त्यांनी साबणानं धुतले होते. पण नखात माती राहते, दिवसभर मातीत हात असले की राहतेच, असं म्हणून त्यांनी पदराच्या टोकानं ते तोंड पुसलं. त्या रात्री त्या काकांच्या खुर्चीजवळच सतरंजी टाकून झोपल्या आणि काही झालं नाही.

६

काकूंनी रात्री ठेवलेल्या निरोपावर सकाळी डॉक्टरांचा फोन आला, येऊन सलाईन लावतो म्हणाले. काकूंच्या जिवात जीव आला. डॉक्टर येईपर्यंत वरची झाडं उरकून टाकू, असा त्यांनी विचार केला. भीती वाटत होती, पण उन्हात कुंड्या मारायच्या हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. काका शांत झोपले होते.

वर दार उघडलं आणि काकू उंबऱ्यातच थांबल्या. काल निथळत ठेवल्या तिथंच कुंड्या होत्या. कुणी सरकवल्या नव्हत्या, कुणी पाणी घातलं नव्हतं. त्यांनी एकेक कुंडी तपासली. एकाही कुंडीत बोटाचं नवं भोक नव्हतं.

"गेलं एकदाचं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या गुणगुणायला लागल्या. कुंड्या खिडकीखाली लावल्या, कापडं घट्ट केली, झारी भरली. झारी हातात धरून लिंबाची माती चाचपताना सवयीनं बोलायला सुरुवात केली. "आता बघा, लिंबाचं कसं असतं..."

आणि त्यांचं तोंड बंद झालं. इतके दिवस या खोलीत बोलताना भिंतीवर बोलतोय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. आज ऐकणारं कुणी नव्हतं. वर्ग रिकामा होता.

मग तो गेला कुठे?

चल, आमच्याकडे चल.

झारी त्यांच्या हातातून सुटली. दार उघडं टाकून, चपला न घालता त्या जिना उतरल्या, गुडघे, दम, कशाचीही पर्वा न करता. घराचं दार त्यांनी ओढून घेतलं होतं, ते तसंच होतं. आत आरामखुर्ची रिकामी होती. काकांचा चष्मा नीट घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलेला होता. जमिनीवर खुर्चीपासून बाथरूमपर्यंत टाचा ओढत नेल्याच्या दोन ओळी होत्या, आणि बाथरूमच्या दाराआडून आवाज येत होता. बुडुक. बुडुक.

मोठे संपले होते. बारीक सुरू झाले होते.

काकूंनी दार ढकललं. काका टबात पालथे होते, आणि त्यांच्या खांद्यांवर शर्टाचं ओलं कापड दहा जागी खोल दबलेलं होतं, बोटं रुतावीत तसं. तिथं बोटं नव्हती. टबाच्या काठावर कुणीच नव्हतं. पण हललेल्या पाण्यात एक वाकलेली आकृती पडली होती, कोपरं ताठ, मान जराशी डावीकडे. काकू वाकत तशी. तिच्या तोंडाच्या जागी काय होतं ते काकूंनी पाहिलं आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही.

"सोड!" त्या ओरडल्या. तो वर्गातला आवाज होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "झालं! भिजलं आतपर्यंत! पुरे! सोड म्हणते ना!"

शर्टावरचे खळगे एकदम भरून आले. तो शहाणा विद्यार्थी होता, त्यानं लगेच ऐकलं.

काकूंनी काकांना काखेत धरून ओढलं, टबातलं निम्मं पाणी बाहेर सांडलं, दोघंही फरशीवर आले. त्यांनी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीत जोरजोरानं थोपटलं. काका खोकले. पाणी ओकले. पुन्हा खोकले, आणि मग कण्हत, घरघरत, पण त्यांचा त्यांचा श्वास चालू झाला. त्यांचा हात काकूंचा हात शोधत होता. काकूंनी तो धरला आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. जगले होते. डॉक्टर आता येतीलच.

त्या नखशिखान्त भिजल्या होत्या. केसांतून पाणी गळत होतं. पण तीन मजले धावून त्यांच्या घशाला कोरड पडली होती आणि जीभ टाळूला चिकटली होती. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

शेजारी कुणीतरी गुडघे टेकून बसलं. फरशीवरचं पाणी तिथून बाजूला सरलं.

मी ओली आहे, काकूंना सांगायचं होतं. बघ ना, किती भिजलेय. पण वरचं बघून ठरवायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलं होतं.

ओठांना गार माती लागली. काकूंनी दात आवळले, तरी पहिलं पेर आत आलं. मग दुसरं. बोट जिभेवर थांबलं, सांगितलं होतं तसं, जराही घाई न करता. मग ते निघालं, आणि टबाचा नळ कुणीतरी पूर्ण सोडला.